मी म्हणजे तुमचं

समोरच्या खोल्यांत नवं बिऱ्हाड आलं त्या संध्याकाळी आईनं एका म्हातारीला पेरू नको म्हणून सांगितलं. म्हातारीच्या हातात पेरू नव्हते, टोपली नव्हती, काहीच नव्हतं. ती उंबऱ्यापाशी उभी राहून हसत विचारत होती, "मी पेरु एंदि, अम्मा?"

"नको हो," आई म्हणाली, "कालच आणलेत. आणि ह्याला खोकलापण आहे."

'ह्याला' म्हणजे मला. मी आईच्या मागं उभा होतो.

म्हातारीनं पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं. "मी... पेरु?" आई गप्प. बाई स्वतःलाच पेरू म्हणवून घेतेय, आता हिला काय सांगायचं? तेवढ्यात समोरून सून पदराला हात पुसत आली. "वहिनी, तुमचं नाव विचारतेत त्या."

तेलुगूत पेरु म्हणजे नाव. एंदि म्हणजे काय. आणि मी म्हणजे तुमचं.

त्या घरात आईला पुढं कित्येक वर्षं पेरूवहिनी म्हणत. खुद्द पेरूला मात्र त्यांच्याकडं 'जाम' म्हणतात. आमच्याकडं जाम म्हणजे अडकलेलं चाक. आपल्या पेरूची गंमत अशी की तोही घरचा नाही. फळ अमेरिकेतलं, आणलं पोर्तुगीजांनी, नावही त्यांच्याच भाषेतलं, नासपतीचं. म्हणजे त्या संध्याकाळी उंबऱ्याच्या अलीकडचा शब्द पलीकडच्यापेक्षा जास्त लांबून आलेला होता. हे मला कळायला पंचवीस वर्षं लागली. त्या वेळी मला छळत होता तो पेरू नव्हेच, 'मी'. सात-आठ वर्षांच्या पोराकडं स्वतःची म्हणावी अशी वस्तू एकच असते, मी. तीही समोरच्या घरात तुमची?

वाडा साखर पेठेतला. मधे चौक, चौकात नळ, नळाखाली दगडी हौद. खाली आम्ही आणि समोरचं ते नवं बिऱ्हाड, पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकरांचं कुटुंब, वरच्या मजल्यावर कन्नड बोलणारे लिंगायत. सोलापुरात यात नवल काही नाही. पूर्व भागात तेलंगणातून मागावर कापड विणायला आलेल्यांची तेलुगू, बाळीवेशीत कन्नड, विजापूर वेशीत दखनी उर्दू, आणि या सगळ्यांना एकमेकांशी भांडायला मराठी. आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकातला हा शिवयोगी वचनं लिहायचा कन्नडात, शेवटी 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' अशी मुद्रा घालून. गावाचं नाव त्या काळी सोन्नलगी. आम्ही मराठीत त्याचा जयजयकार करतो आणि संक्रांतीला नंदीध्वजामागं चालतो. भाषेचा प्रश्न तिथं कुणाला पडत नाही. पडतो तो नळावर, किराणा दुकानात, आणि औषधाच्या दुकानात तर हमखास.

म्हातारीला सगळा वाडा अव्वा म्हणू लागला, कारण तिची नातवंडं तिला अव्वा म्हणत. वरच्या मजल्यावर थोडी अडचण झाली. त्यांच्या कन्नडात अव्वा म्हणजे आई. माझा वरचा दोस्त पहिले काही दिवस ऐकायलाच तयार नव्हता. "माझी अव्वा वर भाकरी थापायलीय बे, ही कुठली?"

हा 'बे' सोलापूरचा. काय बे, कुठं बे, जाऊ दे की बे. परगावचा माणूस दचकतो, त्याला शिवी वाटते. आम्हाला त्याशिवाय वाक्य पायांवर उभं राहत नाही. शाळेत मात्र आम्ही 'बे एके बे' म्हणायचो आणि तिथं बे म्हणजे दोन. गुजराती व्यापाऱ्याकडं आजही बे म्हणजे दोनच. फारसीतला बे म्हणजे शिवाय, बेकार, बेघर, बेचव. एक अक्षर आणि तीन धंदे. चौथा आमचा, बिनपगारी.

एकदा अव्वाचा पाय सुजला. मुलगा मागावर, सून विड्या घेऊन कारखान्यात गेलेली, म्हणून आईनं मला सोबत पाठवलं. औषधाच्या दुकानात अव्वा म्हणाली, "कालु नोप्पि."

"कालपासून? बरं. काय दुखतंय?"

"कालु."

"ते कळलं हो आजी, कालपासून. पण दुखतंय काय?"

"कालु! कालु!"

कालु म्हणजे पाय, तेलुगूतही आणि कन्नडातही. मला ते माहीत होतं, पण मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही ही शिकवण अंगात इतकी मुरलेली की मी दुकानाच्या काचेत ठेवलेल्या गोळ्या बघत उभा राहिलो. शेवटी अव्वानं चप्पल काढून पाय सरळ काउंटरवरच ठेवला. भाषांतराची इतकी नेमकी पद्धत मी पुन्हा पाहिली नाही. पुढं डोकं दुखलं तेव्हा ती 'तल' म्हणाली आणि मी या वेळी चटकन सांगून टाकलं की डोकं दुखतंय. नाहीतर तल ऐकून दुकानदारानं तळपायाचंच मलम दिलं असतं. आमचा तळ सगळ्यात खाली, त्यांचा तल सगळ्यात वर.

घरोघरी हेच चालू होतं. दिवाळीच्या बोनसवर आईनं साडी घेतली, अव्वा म्हणाली, "चीर बागुंदि!" आई नवीकोरी साडी उजेडात धरून फाटलंय कुठं ते शोधत बसली. चीर म्हणजे साडी, छान आहे म्हणते ती, असं सून सांगेपर्यंत दुकानदाराचा उद्धार करून झाला होता. पण आई हुशार. रात्री भांडी घासता घासता मधेच थांबून म्हणाली, "अरे, द्रौपदीचं चीर. मग ती साडीच की." आपल्याच भाषेच्या माळ्यावर पडलेली वस्तू शेजारणीनं खाली काढून दिली होती.

वरच्या मजल्याची तऱ्हा निराळी. मी विचारायचो, बाबा आले का तुझे? दोस्त म्हणायचा, "हौद." सुरुवातीला मी नळाखाली बघायचो. कन्नडात हौद म्हणजे हो. 'हौदा?' म्हणजे खरंच का? आमचा हौद अरबीतला, पाण्याचं टाकं. हत्तीवरचा हौदाही अरबीतूनच आलेला. त्यांचा हौद मूळ कन्नड, होकारानं भरलेला. वीज गेली की गल्लीतल्या मागांची खटखट एकदम थांबायची, आणि त्या शांततेत सगळे कान लावून बसायचे. मग वरून दोस्ताचे वडील ओरडायचे, "बंत! बंत!" आई हताश होऊन कंदील पुसायला घ्यायची. तेवढ्यात दिवा लागायचा. बंत म्हणजे आली. आईला ऐकू यायचं बंद.

जेवताना दोस्ताच्या आजीला कुणी वाढायला गेलं की ती हात आडवा धरून म्हणे, "ब्याड." नको. इंग्रजी नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळं मला वाटायचं म्हातारी रोज स्वयंपाकाला नावं ठेवते. आणि खरी मजा पुढं कळली. बदनाम, बदमाश यातला फारसी 'बद' म्हणजे वाईट. इंग्रजी 'बॅड' म्हणजेही वाईट. आवाज तोच, अर्थ तोच, आणि तरी दोघांचं काही नातं नाही. दोन वेगळ्या वाटांनी चालत ते एकाच दारात येऊन उभे राहिले. म्हातारीचा ब्याड तिसराच, त्याच्यात वाईटपणा अजिबात नव्हता, पोट भरलेलं होतं.

अशा ठिकाणी माणसाला नाती जोडायचा मोह होतो. सोलापुरात असा एक तरी गृहस्थ भेटतोच, जो दोन शब्द सारखे दिसले की त्यांची सोयरीक लावून मोकळा होतो. गड्डा घ्या. संक्रांतीची जत्रा म्हणजे गड्डा. कोबीचाही गड्डा. तेलुगूत उल्लिगड्ड म्हणजे कांदा. आणि कन्नडात गड्ड म्हणजे दाढी! यावर होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत उभ्या उभ्या एका माणसानं मला पूर्ण सिद्धांत ऐकवला होता, साधूंच्या दाढ्यांपासून. मी हौद म्हणालो आणि पाळण्यात बसलो.

खरी नाती अनेकदा दिसण्यातून कळतच नाहीत. अव्वाचं दूध 'पालु', वरच्या मजल्याचं 'हालु'. आमच्या कानाला पहिल्यात पाल दिसायची, दुसऱ्यात हाल. पण पालु आणि हालु ही सख्खी भावंडं. जुन्या कन्नडात शब्दाच्या सुरुवातीला असलेला 'प' मध्ययुगात 'ह' झाला, तेलुगूत तो तसाच राहिला. आणि त्या संध्याकाळचा तो पेरु, त्याचा कन्नड भाऊ हेसरु. जुन्या कन्नडात पेसर, तमिळमध्ये पेयर. आता यांना रस्त्यात एकत्र पाहिलं तर कुणी भाऊ म्हणेल? आणि आमचे हाल अरबी, पाल आपली भिंतीवरची. चेहरा जुळला, रक्त नाही.

एवढे चेहरे जुळतातच कसे, याचं उत्तर मला बाराखडीच्या तक्त्यानं दिलं. तो तक्ता म्हणजे चाळ आहे. चौतीस-पस्तीस व्यंजनांच्या ओळी, प्रत्येक ओळीत बारा खोल्या. सगळ्या मिळून चारशेच्या आसपास. जगात भाषा सात हजारांच्या घरात, आणि प्रत्येकीला मी, तू, हो, नाही, ये, जा, आई, बाप यांची सोय याच आखूड खोल्यांत करायची. कारण जे रोज शंभरदा बोलायचं ते माणूस लांबलचक ठेवत नाही. जॉर्ज किंग्जली झिफ नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९३०च्या दशकात शब्द मोजून हेच दाखवलं, की वापर जास्त तितका शब्द आखूड. न मोजताही हे कळतं; उंबरा मधेच झिजतो. आमचा 'मी' संस्कृतातल्या 'मया'पासून प्राकृताच्या तोंडातून झिजत झिजत इथवर आला. कोपरे गेले, नक्षी गेली, आणि उरलेल्या गोट्यासारखी दुसऱ्या नदीतली गोटी कुणीतरी हातावर ठेवते: ही बघ, आमची पण अशीच. इंग्रजीतला 'मी' आपल्या मीचा लांबचा का होईना, खरा भाऊबंद. अव्वाचा 'मी' कुणीच नाही. त्याच खोलीत दुसऱ्या पाळीला झोपणारा.

कन्नडात 'बा' म्हणजे ये. तेच तमिळमध्ये वा, तेलुगूत रा. खेड्यात आपल्याकडं बा म्हणजे बाप, गुजरात्यांकडं बा म्हणजे आई. जॉर्जियन भाषेत तर मामा म्हणजे बाप. मुलानं तोंड उघडून पहिला आवाज काढला की जो जवळ उभा असेल त्यानं तो आपल्या नावावर करून घ्यायचा, असाच हा प्रकार असणार.

या विषयात मला सगळ्यात आवडणारी जोडी मात्र 'नी'ची. अव्वा मला विचारायची, "नी पेरु एंदि रा?" लहान मुलाला 'मी' नाही, 'नी'. मी म्हणजे तुमचं, नी म्हणजे तुझं. वरच्या मजल्यावर नी म्हणजे सरळ तू. आणि आमच्याकडं नी म्हणजे आणि. राम नी श्याम. आता द्वारकानाथ कोटणीसांचं बघा. जन्म सोलापूरचा, १९१० मधला. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. त्या पाचही जणांच्या चिनी नावांना शेवटी 'हुआ' जोडलं गेलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. तिथंच त्यांनी लग्न केलं, चिनी शिकले, मुलाचं नाव ठेवलं गेलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत. १९४२ मध्ये ते तिथंच गेले, बत्तिसाव्या वर्षी. चिनीत हाच हुआ सूर बदलून म्हटला की फूल, आणखी बदलला की बोलणं. हिंदीवाला ऐकेल तर विचारेल, क्या हुआ?

आणि चिनी भाषेत 'तू'ला म्हणतात नी.

मला उगाचच वाटतं, सोलापूरच्या कुठल्यातरी गल्लीत लहानपणी त्यांनी कन्नड 'नी' ऐकला असणार. न ऐकून या गावात कुणी मोठा होतच नाही. मग हजारो मैलांवर एखाद्या जखमी शिपायानं त्यांना पहिल्यांदा 'नी' म्हटलं असेल तेव्हा काय झालं असेल? द्राविडी नी आणि चिनी नी यांचं नातं नाही, योगायोग आहे, हे मला ठाऊक आहे. पाळण्याच्या रांगेतला तो गृहस्थ असता तर त्यानं सिद्धरामेश्वराला चीनपर्यंत नेला असता. मी नेत नाही. पण कोटणीसांचं घर आता स्मारक झालंय, तिथं गेलो की तो 'नी' मला आठवतोच.

माझे वडील बॉन्ड रायटर. कोर्टाबाहेर टेबल, टेबलावर खरेदीखतं, कुलमुखत्यारपत्रं. मोठ्या शब्दांना ते कधी भ्यायले नाहीत. अभिहस्तांतरण, निष्पादित, तहहयात, हे सगळं झोपेत लिहायचे. चष्मा पुसून पुन्हा वाचायचे ते दोनच ठिकाणी, 'व' आणि 'वा'. व म्हटलं की दोघांनीही सही करायची, वा म्हटलं की एकाची पुरे. एका कान्यावर घर जातं, म्हणायचे. व फारसीतून आलेला, वा संस्कृतातला, आणि मसुदा बिनचूक उतरला की त्यांच्या तोंडून निघणारा वा! तोही फारसीकडचाच.

त्यांच्याकडूनच माझं लक्ष 'च'कडं गेलं असावं. मराठीतला मला वाटतं सगळ्यात ताकदवान शब्द, आणि त्याला स्वतःची जागासुद्धा नाही, दुसऱ्याच्या शेपटीला चिकटून जगतो. संस्कृतच्या तासाला वाक्य होतं: रामः लक्ष्मणः च वनं गच्छतः. मी उभा राहून खणखणीत सांगितलं, "राम, लक्ष्मणच वनात जातात." गुरुजी म्हणाले, "मग सीतेला कुठं ठेवलीस?" संस्कृतातला च दोघांना जोडतो. आमचा च दार लावून घेतो. मीच, तूच, आपलाच, इथंच. दखनी उर्दूनं आपल्याकडून 'नक्को' नेला तसा हा चही नेला. विजापूर वेशीत 'ऐसाइच' ऐकलं की मला माहेरचं माणूस दिसल्यासारखं होतं. तेलुगूत या चचं काम नुसत्या 'ए'वर भागतं. शब्दाच्या शेवटी ए लावला की झालं.

एकाच शब्दावर आमच्या वाड्यात कधी घोळ झाला नाही. आम्ही म्हणायचो माग, वरचे म्हणायचे मग्ग, अव्वा म्हणायची मग्गम. तिघांच्याही घरात भाकरी त्याच्यावरच होती.

नळ यायचा पहाटे. अव्वाला झोप कमी, तिला पहिल्यांदा सुगावा लागायचा. ती चौकातून आईला हाक मारायची, "मन नल्ला वच्चिंदि!" आपला नळ आला. कित्येक दिवस मला वाटायचं हिचं मन आलं. तेलुगूत मन म्हणजे आपलं. तुझं आणि माझं मिळून जे आहे ते. नुसतं माझ्या बाजूचं, त्यात तू नाहीस, असं सांगायचं तर मन चालत नाही, तिथं 'मा'. नळ मन, जिना मन, वाड्याच्या चौकातलं तुळशीवृंदावनही मन. पण तिचं गाव आठवलं की अव्वा म्हणायची, "मा ऊरु." ताडाची झाडं, विहीर, पावसात वाहून जाणारी वाट. मा ऊरु. आमचं गाव.

हा भेद हिंदीवाल्याला समजावून सांगताना नाकी नऊ येतात. त्याच्याकडं सगळ्याला एकच 'हम'. मराठी माणसाला समजवावं लागत नाही: आपण आणि आम्ही. आपण जेवायला बसू, आम्ही जेवायला बसतो. पहिल्यात पाहुण्याला ताट आहे, दुसऱ्यात नाही. हा भेद मराठीनं द्राविडी शेजारातून उचलला असं भाषेचे अभ्यासक मानतात. कुणी उचलला, कधी उचलला, याची नोंद कुठं नाही. असाच कुठल्यातरी नळावर उचलला असेल.

मी नोकरीला लागलो, वाडा रिकामा होत गेला. वरचे बाळीवेशीकडं गेले. पद्मशाली कुटुंब समोरच राहिलं, अव्वा खाटेवर. विड्यांचं सूप मांडीवरून गेलं होतं, तरी बोटं पान वळल्यासारखी हलत असायची. मी रविवारी जायचो. अशाच एका रविवारी तेलंगणातून तिचा कुणी नातेवाईक आला होता, बऱ्याच वर्षांनी भेटणारा. दोघं तिच्या गावाबद्दल बोलत होती. ताडाची झाडं गेली, विहीर बुजवली. मला अर्धं कळत होतं. मी मधेच उठून तिला पाणी दिलं, उशी सारखी केली. पाहुण्यानं माझ्याकडं बोट करून विचारलं, "ईयन एवरु?" हे कोण?

अव्वा म्हणाली, "मावाडे."

लहान असतो तर मला वाटलं असतं, ती वाड्याबद्दलच बोलतेय. वाडु म्हणजे तो. पुढं ए. आणि आधी मा, ज्यात आता पाहुणा नव्हता.